पळसदरी : मुंबई–पुणे अंतराचा एक टप्पा

दोन शहरांमधील अंतर भूगोलाने एकदाच कायमचे ठरवून दिले आहे, असे आपण गृहीत धरतो. मुंबई–पुणे मार्गाचा इतिहास पाहता हे गृहीत टिकत नाही. सरळ रेषेत ही शहरे सुमारे १२० किलोमीटरांवर आहेत. लोहमार्गाने तेच अंतर १९२ किलोमीटर भरते. कल्याणकडचा खाडीचा वळसा आणि बोरघाटाची चढण ही या तफावतीची प्रमुख कारणे होत. त्या चढणीच्या पायथ्याशी पळसदरी आहे.

जुन्या मराठीत अंतर कोसांनी व मजलांनी सांगत. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला. क्रोश म्हणजे हाक. ‘हाकेच्या अंतरावर’ या प्रयोगात तीच कल्पना अद्याप जिवंत आहे. ‘मजल’ अरबीतून आला व त्याचा अर्थ एका दिवसाची वाटचाल असा रूढ झाला. एका शब्दात माणसाचा आवाज आहे, दुसऱ्यात त्याचे पाय. सपाटीवरची मजल आणि घाटातली मजल कोसांत सारखी नसे. श्रमांत मात्र सारखी असे. हे परिमाण सदोष नव्हते. त्यात वाटसरूचा देह जमेस धरलेला होता.

१८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला. मे १८५६ मध्ये आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. पुढील सुमारे पाच वर्षे प्रवासी खोपोलीस उतरत, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. एकाच प्रवासात दोन टोकांना घड्याळाचे तास होते आणि मध्ये जुनी मजल होती.

१८६३ साली घाटमार्ग पूर्ण झाला. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे, असे ते काम होते. जेम्स बर्कली हे त्याचे मुख्य अभियंता. १८५९ च्या आरंभी वेतनाच्या तक्रारीवरून मजुरांत दंगा उसळला. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच मरण पावले व त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. साथींत त्यांपैकी कित्येक दगावले. अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे ग्रंथांत आहेत. मजुरांची बहुतांशी नाहीत. अंतर कमी झाले असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाच्या श्रमाने झाले हे त्या वाक्यात येत नाही.

या मार्गाने पळसदरीचे स्थानही बदलले. खोपोलीकडील मूळ मार्ग फाटा ठरला, आणि मुख्य मार्गावरील वेगवान गाड्यांच्या प्रवाशाला पळसदरी हे खिडकीतून क्षणभर दिसणारे नाव झाले.

१९२९ साली घाटातील गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक रद्द झाले आणि विजेचे इंजिन आले. १९३० साली सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ पावणेतीन तासांत पुण्यास पोहोचत असे; आज तीच गाडी तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेते. अंतर तेच राहिले आणि वेळ वाढला. विमानाला दोन विमानतळांमधील आकाश ओलांडण्यास अर्धा तास पुरतो; पण विमानतळ गाठणे, तपासणी आणि प्रतीक्षा यांची बेरीज केल्यास आगगाडीवर फारशी सरशी होत नाही. उड्डाणाचा काळ म्हणजे प्रवासाचा काळ नव्हे.

तात्पर्य, किलोमीटर हे जमिनीचे माप आहे, प्रवासाचे नव्हे. प्रवासाचे माप शोधताना अभ्यासकाने वेळापत्रकाबरोबर शब्दकोशही उघडावा. ‘मजल’ हा शब्द मागे पडला. त्याने मोजलेला थकवा मात्र अजून प्रवाशाच्या अंगी आहे.