मोस्तारचे नगरप्रशासन

बॉस्निया आणि हर्झगोव्हिना या देशातील, नेरेत्वा नदीकाठच्या मोस्तार शहराची नागरी व्यवस्था. 1992–95 च्या युद्धात शहराची फाळणी झाली : पश्चिमेस क्रोएट, पूर्वेस बॉस्नियाक. 9 नोव्हेंबर 1993 रोजी ऐतिहासिक जुना पूल तोफमाऱ्यात कोसळला.

जुलै 1994 मध्ये यूरोपीय संघाने शहराचा कारभार हाती घेतला व ब्रेमेनचे माजी महापौर हान्स कोश्निक यांना प्रशासक नेमले. पाणी, वीज, शाळा यांची दुरुस्ती होत गेली. एकत्रित पालिका मात्र उभी राहीना. त्यांनी सामाईक मध्यवर्ती विभागाची आखणी जाहीर करताच फेब्रुवारी 1996 मध्ये जमावाने त्यांच्या गाडीवर हल्ला केला. नळ जोडणे सोपे होते, सत्तेतील वाटा ठरवणे अवघड, हे तेव्हाच दिसले.

पुढे शहर सहा पालिकांत विभागलेले राहिले. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी नवी नगरसनद लादून त्या बरखास्त केल्या. त्याच वर्षी पूल पुन्हा उभा राहिला. 2010 मध्ये घटनात्मक न्यायालयाने निवडणुकीचे काही नियम रद्द ठरवले आणि पक्षांचे एकमत न झाल्याने 2008 नंतर मतदानच थांबले. 2012 पासून निर्वाचित नगरपरिषद नव्हती. महापौर एकहाती कारभार पाहत. नागरिकांवरील हा उघड अन्याय होता. स्थानिक रहिवासी इर्मा बारालिया यांच्या अर्जावर यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2019 मध्ये देशाविरुद्ध निकाल दिला. अखेर 20 डिसेंबर 2020 रोजी मतदान झाले.