मातीच्या कबुतराची कुळकथा

ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजीच्या प्रकारांत हवेत उडणारे जे लक्ष्य फोडायचे असते, त्याला जगभर ‘क्ले पिजन’ म्हणजे मातीचे कबुतर म्हणतात. हातात घेतले तर ते पालथ्या बशीसारखे दिसते. व्यास ११० मिलिमीटर, उंची अडीच सेंटिमीटरच्या आसपास, वजन सुमारे १०५ ग्रॅम. कडेला जाड कंगोरा, मध्ये बुटका घुमट, वरून बहुधा भडक केशरी रंग. चुनखडीची बारीक पूड गरम डांबरात कालवायची आणि साच्यात दाबायची, की ही बशी तयार होते. यंत्राच्या हाताचा जोरदार फटका ती सोसते, पण शिशाचे दोन-तीन छरे लागले की तिचे तुकडे होतात आणि नेम नीट मध्यावर बसला तर हवेत नुसता काळा धुरळा उरतो. तिच्यात आता माती नाही आणि कबुतराशी तिचे काही साम्यही नाही. तरी नावात दोन्ही टिकून आहेत, कारण तिच्या दोन जुन्या अवतारांची ती नावे आहेत.

माती आणि पक्षी यांची गाठ बंदुकीच्याही आधीची आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे छोटे, गोल, कठीण कवचाचे फळ. त्याच आकाराच्या मातीच्या किंवा शिशाच्या गोळ्या खास धनुष्याने पक्ष्यांवर मारत, म्हणून त्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले आणि पुढे गोळी झाडणाऱ्या हत्याराला तेच नाव मिळाले. मराठीतली ‘बंदूक’ या घराण्यातली. आज गलोल म्हटले की रबराची दुबेळकी डोळ्यांपुढे येते; जुनी गलोल म्हणजे मातीची गोळी मारायचे धनुष्यच होते. ‘काडतूस’ मात्र दुसऱ्या वाटेने, पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून, किनाऱ्याला लागले. म्हणजे पूर्वी गोळी मातीची होती आणि पक्षी जिवंत. आज गोळी शिशाची आहे आणि पक्षी मातीचा. ही अदलाबदल व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

तिची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १७९३ च्या सुमारास तिथल्या शिकारविषयक मासिकात सोडलेल्या कबुतरांवर नेम धरण्याचा खेळ रुळलेला म्हणून नोंदवलेला आहे. रानात पाखरू कधी उठेल याचा भरवसा नसतो; पैजा लावायच्या तर सगळ्यांना सारखी संधी हवी. म्हणून जिवंत कबुतर पेटीत कोंडायचे, पेटीला लांब दोरी बांधायची आणि नेमबाजाने हाक दिली की दोरी ओढून झाकण उघडायचे. ही पेटी म्हणजे ‘ट्रॅप’. दोरी ओढण्यासाठी द्यायची हाक होती ‘पुल’. लंडनजवळच्या ईलिंगला पेटीऐवजी जमिनीत खळगा करून त्यात कबुतर ठेवत आणि वर जुनी टोपी पालथी घालत. तिथल्या खानावळीचे नावच ‘ओल्ड हॅट्स’ पडले. आज पेटी नाही, झाकण नाही, दोरीही नाही. यंत्र मायक्रोफोनवर आवाज ऐकून बशी फेकते. खेळाचे नाव मात्र ट्रॅपच आहे आणि कित्येक नेमबाज अजून ‘पुल’ म्हणूनच बशी मागतात.

अमेरिकेत हा खेळ पोचला तो पॅसेंजर पिजन या रानकबुतरांच्या जिवावर. त्यांचे थवे आभाळ झाकतील एवढे मोठे असत आणि ती जाळ्यात धरून स्पर्धांना गाड्या भरभरून पाठवली जात. १८८१ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एकाच स्पर्धेसाठी सुमारे २०,००० पक्षी आणले होते. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध चळवळ करणाऱ्यांनी त्यावर रान उठवले. पण दयेइतकाच टंचाईचाही रेटा होता. पक्षी महाग होत चालले, वेळेवर मिळेनात.

पर्याय आधी काचेचा निघाला. १८६० च्या दशकात बोस्टनला काचेचे पोकळ गोळे फेकून त्यांवर नेम धरायला सुरुवात झाली. सलग, नितळ काचेवरून छरे घसरून जात, म्हणून अ‍ॅडम बोगार्डस या नामांकित नेमबाजाने १८७७ मध्ये खडबडीत पृष्ठाचे गोळे आणि ते फेकण्याचे सुधारलेले यंत्र काढले. काही गोळ्यांत तर पिसे भरलेली असत. गोळा फुटला की पिसे उडून पक्षी पडल्याचा भास होई. जिवंत पक्ष्याची सवय किती खोल होती ते यातून दिसते. काचेचे दोष मात्र जात नव्हते. गोळा चेंडूसारखा वर जाऊन खाली येई, पक्ष्यासारखा सपाट आणि वेगात पळत नसे. शिवाय शेतात काचांचा खच पडे, तो वेगळाच.

यावरचा तोडगा ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्कीला सुचला. पाण्यावर चपटे शिंपले भिरकावणारी मुले पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. हा खेळ मराठी मुलांना शिकवावा लागत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहाडला उल्हास नदीच्या काठी उभे राहून चपटी खापरी तर्जनीच्या आकड्यात धरायची, मनगटाला झटका देऊन ती आडवी सोडायची आणि ती टप्पे घेत किती लांब जाते ते मोजायचे: याला पाण्यावर भाकऱ्या काढणे म्हणतात. खापरी पाण्यावर तरते ती गिरकीमुळे. गरगरणारी चकती आपला कल सहजासहजी बदलत नाही. तिची कड वर-खाली न होता ती आडवीच राहते. हवेतही तेच घडते. गिरकी घेणारी पालथी बशी कोलमडत नाही, घुमटाखालच्या हवेवर काही काळ तोलली जाते आणि पाखरासारखी सपाट, दूरवर पळते. लिगोव्स्कीने १८८० मध्ये या चकतीचे पेटंट घेतले. ती भट्टीत भाजलेल्या मातीची होती. इथे नावात ‘माती’ आली. ‘कबुतर’ आधीच्या खेळातून आलेच होते.

पहिल्या चकत्या नको तितक्या पक्क्या भाजल्या जात. छरे लागले तर घंटेसारखा नाद करून त्या तशाच पुढे जात आणि नेम लागला की चुकला यावर वाद होई. लक्ष्याची खरी कसोटी तर फुटण्यातच. मग माती टाकून चुनखडी आणि डांबर यांचे मिश्रण आले. डांबर चुनखडीला एवढेच बांधून ठेवते की फेकताना चकती तुटू नये आणि छरा लागताच तडकावी. आजची बशी याच मिश्रणाची आहे. तिचा प्रसार मात्र मातीच्याच काळात झाला. १८८३ मध्ये लिगोव्स्कीच्या कंपनीने बोगार्डस आणि डब्ल्यू. एफ. कार्व्हर या दोन मातब्बर नेमबाजांचे गावोगाव २५ सामने लावले. त्यांतले बहुतेक कार्व्हरने जिंकले. मातीचे कबुतर जिथे जन्मले त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची मादी मेली. पृथ्वीवरचे ते शेवटचे पॅसेंजर पिजन होते.

जुन्या आणि नव्या खेळाची गाठ १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पडली. तिथे मातीच्या कबुतरांवर ट्रॅपची स्पर्धा झाली आणि वेगळ्या स्पर्धेत जिवंत कबुतरेही मारली गेली, सुमारे ३००. ऑलिम्पिकच्या मैदानावर जिवंत पक्ष्यांचा तो पहिला आणि शेवटचा बळी. ब्रिटनने १९२१ मध्ये कायदा करून कोंडलेले पक्षी सोडून मारणे बंद केले.

स्कीटचा उगम निराळा. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि त्याचे साथीदार शिकारीचा सराव व्हावा म्हणून घड्याळाच्या आकड्यांसारख्या वर्तुळावर फिरत फिरत चकत्या फोडत. शेजारी कोंबड्यांचा खुराडा आला आणि त्या बाजूला बार काढणे अशक्य झाले. वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले. अडचणीतून निघालेला तोच आराखडा आजही कायम आहे. १९२६ मध्ये बक्षीस लावून नाव मागवले, तेव्हा गरट्रूड हर्लबट या बाईंनी सुचवलेले ‘स्कीट’ निवडले गेले. नेम मारणे या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दाचे ते रूप. ऑलिम्पिकमध्ये स्कीट १९६८ ला आले. डबल ट्रॅप हा एकदम दोन बशा फोडण्याचा प्रकार १९९६ ते २०१६ एवढाच टिकला.

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये नेमबाज पाच जागांवरून पाळीपाळीने उभा राहतो. १५ मीटर पुढे जमिनीत खंदक असतो आणि त्यात तीन-तीनच्या पाच गटांत १५ यंत्रे. आपल्या पुढच्या तिघांतले कुठले चालेल ते ठाऊक नसते. बशी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि अडवली नाही तर ७६ मीटरवर पडते. एका फेरीत २५ बशा, प्रत्येकीसाठी दोन बार. स्कीटमध्ये एक उंच आणि एक बुटके अशी दोन घरे, आठ जागा, बशीचा मार्ग आधीच ठाऊक. मात्र बशी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो आणि हाक दिल्यावर ती लगेच येईल किंवा तीन सेकंदांनी. रानात पाखरू अवचित उठते, ती गत इथे नियमाने राखली आहे.

भारतात हा खेळ राजवाड्यांतून आला. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह १९६० ते १९८० मधल्या पाच ऑलिम्पिकांत उतरले; १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचे रौप्य मिळवले. दिल्लीत तुघलकाबादला १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या रेंजला त्यांचेच नाव आहे. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रणधीरसिंह सुवर्णपदक घेऊन आले. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले आणि बाराबोर बंदुकीला कायदेशीर असे उडते लक्ष्य उरले ते हेच. २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्य जिंकले, तेव्हा हा शब्द घराघरात पोचला.

महाराष्ट्राची नेमबाजीतली कीर्ती मोठी आहे, पण ती रायफल आणि पिस्तुलाची. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० च्या विश्वविजेत्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचे कांस्यपदकविजेते स्वप्नील कुसाळे: ही सगळी स्थिर लक्ष्यावरची मंडळी. याचे मोठे कारण जागेत आहे. १० मीटर एअर रायफलला शाळेचा लांबसा हॉल पुरतो. ट्रॅप-स्कीटच्या शॉटगनचे छरे पाव किलोमीटरपर्यंत जाऊन पडू शकतात. तेवढी निर्मनुष्य जमीन समोर लागते. उदाहरणार्थ, उल्हासनगरात अवघ्या १३ चौरस किलोमीटरवर २०११ च्या जनगणनेत ५ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात अशी मोकळीक कुठून आणणार? काडतुसांशी मात्र महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा; बाराबोरच्या काडतुसांच्या पितळी बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्याचीच.

बाराबोर हे मापही कुळकथेतलेच आहे. एक पाउंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. स्पर्धेच्या काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे चालतात. नेहमीच्या मापाचे ते तीनशेच्या घरात भरतात. बार उडाल्यावर ते ढगासारखे पसरत जातात आणि त्या ढगात बशी सापडवायची असते.

म्हणून नवशिक्याची पहिली परीक्षा डोळ्यांची. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करायचा आणि दूरच्या खांबावर अंगठा धरायचा. मग एक डोळा मिटायचा. उजवा उघडा असताना अंगठा खांबावरच राहिला तर उजवा डोळा वरचढ, अंगठा बाजूला सरकला तर डावा. बंदूक त्या बाजूच्या खांद्याला लावणे सोयीचे. रायफलवाला माशीकडे, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेकडे पाहतो; इथे नजर बशीवरच ठेवायची आणि नळी तिच्या मागून फिरवत पुढे न्यायची. स्कीटच्या मधल्या जागेवरून आडव्या जाणाऱ्या बशीच्या मीटरभर पुढे नळी असावी लागते. चाप ओढताना हात थांबला की बार मागे पडतो. नवख्याच्या बहुतेक चुका याच. दस्ता गालाला आणि खांद्याला नेमका बसणेही तितकेच महत्त्वाचे, कारण इथे मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळाच.

शिकताना बंदूक क्लबची किंवा प्रशिक्षकाची चालते. स्वतःची हवी तर शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि त्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, त्यामुळे अर्ज तिथे. बशांवरच्या सरावासाठी आणि मोठ्या स्पर्धांसाठी दिल्ली, जयपूर, पतियाळा, हैदराबाद इथल्या रेंजचा रस्ता धरावा लागतो.

राज्य पातळी ओलांडली की नव्या नेमबाजापुढे येणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेचे नाव मराठी आहे: ‘जी. व्ही. मावळंकर’. गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचे, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था त्यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. त्यांच्या नावाची स्पर्धा रायफल आणि पिस्तुलासाठी होते, तशी शॉटगनसाठीही होते आणि तिथे ठरवून दिलेले गुण मिळवले की राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडते.