स्वयंपाकघरात जन्मलेला हेडफोन

हा एपिसोड ऐकताना कानाला जे काही लावलंय, ते मिनिटभर हातात घेऊन बघा. एखादा तरी स्क्रू दिसतोय? बहुतेक नाही. सगळं गोंदाने चिकटवलेलं. इअरबडची बॅटरी गेली की अख्खी जोडीच फेकायची. पण हेडफोनची सुरुवात अशी नव्हती.

साल १९१०. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने नौदलाला पत्र पाठवलं आणि आपला हेडफोन तपासायला दिला. आत अभ्रकाची चकती आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. नौदलाला आवाज आवडला, ऑर्डर आली. पण बाल्डविनने कळवलं, एका वेळी दहाच नग जमतील. का? तर कारखाना म्हणजे त्याचं स्वयंपाकघर! डोक्यावरचा पट्टा त्रास देतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने चामडं मढवलेल्या दोन तारांचा पट्टा केला. आज 'रेट्रो लूक' म्हणून जे मिरवतं, ते मुळात एका तक्रारीवरचं उत्तर होतं.

पुढची बरीच वर्षं हेडफोन म्हणजे रेडिओ आणि टेलिफोन ऑपरेटरचं हत्यार. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने लोकांना त्यावर स्टिरिओ संगीत ऐकवलं. खरं तर त्याला विकायचा होता पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर. लोक भाळले ते सोबतच्या हेडफोनवर.

आता ब्रुकलिन. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जोसेफ ग्राडोने १९५३ मध्ये घरच्या किचन टेबलावर रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज बनवायला सुरुवात केली. म्हणजे परत स्वयंपाकघरच! नव्वदच्या दशकात याच कंपनीचे हेडफोन आले. काहींना लाकडी कप, कानाला फोमच्या गाद्या, रूप जुन्या रेडिओ ऑपरेटरच्या हेडफोनसारखं. रचना इतकी साधी की जगभरचे हौशी लोक ते उघडून नवे कप, नवी वायर बसवू लागले.

हे सगळं वाचून मलाही खाज सुटली. एक जुनी जोडी घेतली, डावा कान बंद. मल्टिमीटर लावला तर ड्रायव्हर ठणठणीत, वायर मात्र पिनजवळ आतून तुटलेली. नवी वायर आणली, तर सोल्डर काही धरेना. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: या बारीक तारांवर लाखेचं आवरण असतं, ते आधी जाळावं लागतं. शेवटी आवाज आला, पण विचित्र. बास गायब, आणि गाणारी बाई समोर उभी राहायच्या ऐवजी खोलीभर पसरलेली. मी एका बाजूच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या! एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता. तारा बदलल्या आणि गाणं बरोब्बर डोक्याच्या मधोमध येऊन बसलं.

मग कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडून सागवानाचे दोन कप करून घेतले. काका म्हणाले, "एवढ्यात नवीन आला असता की रे!" आला असता, खरंय. हिशेबाने हा व्यवहार तोट्याचाच.

पण मी दिवसभर कोड लिहितो. चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणतो, काल काय लिहिलं ते आज आठवत नाही. या हेडफोनमधला प्रत्येक जोड मात्र मला माहीत आहे. उद्या बिघडला तर कुठे बघायचं तेही माहीत आहे. वस्तू आपल्या मालकीची होते ती पैसे भरल्यावर नाही, ती उघडता आल्यावर. बाल्डविनचा हेडफोन उघडता यायचा. आपल्या हातातला का येत नाही, हा प्रश्न आपण कंपन्यांना विचारतच नाही.

तर मंडळी, घरात एका कानाने मुका झालेला वायरवाला हेडफोन असेल तर टाकू नका. गाणं लावा आणि पिनजवळ वायर हळूच हलवून बघा. खरखर झाली, तर तो अजून जिवंत आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!