दहा दिवसांचं दूध

अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. या तीन तारखांवर किराणा, पेंड आणि शाळेची फी चालते.

संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं एक संकलन केंद्र डोळ्यांसमोर धरू. केंद्र मी नमुन्यादाखल रचलंय, आकडेही त्याच मापाचे. बिघाड मात्र खरा आहे आणि तो याच क्रमाने घडतो. सकाळ-संध्याकाळ 280 उत्पादक दूध घालतात. काट्यावर वजन होतं, मशीन फॅट-एसएनएफ सांगतं, संगणक दर लावून पावती काढतो. मागे सगळं एसक्यूलाइट हे डेटाबेस इंजिन सांभाळतं. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेलं इंजिन आणि डिस्कवर एक फाइल, एवढाच संसार. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने ते 2000 साली लिहिलं. नौदलाच्या विनाशिकेसाठी चाललेलं त्याचं काम डेटाबेस सर्व्हर बंद पडला की अडायचं, म्हणून सर्व्हरच नको असं त्याने ठरवलं. आज तुमच्या फोनमधल्या व्हॉट्सअॅपच्या गप्पाही अशाच फाइलीत असतात.

11 तारीख, सकाळी 9:40. साडेनऊ दिवस बाकी

सकाळचं संकलन आटोपलंय. सचिव मागच्या पगाराचा अहवाल उघडतात, प्रिंट काढतात आणि खिडकी बंद न करता खाली सरकवून ठेवतात.

खरा अपघात इथेच झाला. या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस ‘वॉल’ पद्धतीने चालतो. एसक्यूलाइटमध्ये ही सोय 2010 साली आली. कच्ची वही आणि खतावणी असाच हा प्रकार आहे. नवी नोंद मूळ फाइलीत जात नाही, शेजारच्या ‘-वॉल’ फाइलीच्या शेवटी जोडली जाते. अशी हजारेक पानं साठली की ती मूळ फाइलीत उतरवायची. याला चेकपॉइंट म्हणतात. पण कोणी आधीची स्थिती वाचत बसलं असेल, तर त्याच्यासमोरची पानं बदलता येत नाहीत. तो उठेपर्यंत पुढची खतावणी थांबते. अहवालाची खिडकी ही अशीच वाचत बसलेली असामी. तिने आपलं वाचन संपवलं नाही, ही लिहिणाऱ्या प्रोग्रामरची चूक. सचिवांना दोष देऊ नये.

12 ते 19

काही घडत नाही. वीज जाते, येते. इन्व्हर्टर नवा आहे, संगणक एकदाही बंद होत नाही.

20 तारीख, सकाळी 5:50. सोळा तास बाकी

पावती यायला वेळ लागतोय. कच्ची वही आता मूळ फाइलीपेक्षा जाड झालीय: दर नोंदीला चार केबीची तीन पानं धरली तरी साठ एमबीच्या पुढे. प्रत्येक शोधाला ती चाळावी लागते. बाहेर किटल्यांची रांग. “आरं आवर की, बस जाईल माझी!”

सकाळी 7:10

पडद्यावर इंग्रजी ओळ येते: डेटाबेस इज लॉक्ड.

ही ओळ वाचून माणसं घाबरतात, आणि घाबरावं असं तिच्यात काहीच नाही. एसक्यूलाइटमध्ये वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा मात्र एका वेळी एकच. 2024 मध्ये गायीच्या दुधाला सरकारने लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, त्यासाठी उत्पादकांची आणि कानात बिल्ले असलेल्या जनावरांची माहिती ऑनलाइन भरावी लागली. तेव्हा बसवलेला एक जोडप्रोग्राम अजून चालूच आहे. त्याने लिहायला कुलूप घातलं आणि त्याच क्षणी संकलकाने नोंद दाबली. ‘पाच सेकंद थांबून पाहा’ एवढी एक सूचना प्रोग्राममध्ये असती तर कोणाला कळलंही नसतं. ती दिली नाही, तर एसक्यूलाइट अजिबात थांबत नाही, लगेच हात वर करतं.

संकलक नोंद पुन्हा दाबतो. होते.

सकाळी 11:15. साडेदहा तास बाकी

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन. “व्हायरस असंल अण्णा. संध्याकाळी येतो. फॉरमॅट मारावा लागंल.”

आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक आजारावर हे एकच औषध आहे.

रात्री 8:55. पाऊण तास बाकी

दुरुस्तीवाला पोरगा येतो. पडदा गोठलेला. तो पॉवरचं बटण दाबून धरतो आणि मशीन बंद करतो.

आता गंमत बघा. या क्षणी सगळं दूध सुखरूप आहे. एसक्यूलाइट अशा झटक्यासाठीच बांधलेलं आहे. मशीन पुन्हा सुरू करून सॉफ्टवेअर एकदा उघडलं असतं, तर त्याने वॉल फाइल आपणहून वाचली असती. वाचत बसलेली खिडकी आता उरली नाही, त्यामुळे पुढच्या पहिल्याच नोंदीला सगळी खतावणी झाली असती. एवढंच काय, गेल्या नऊ दिवसांत इन्व्हर्टर एकदा जरी बसला असता तरी तेच झालं असतं. संगणकाची वीज गेली नाही, म्हणून डेटा जाणार आहे.

रात्री 9:15. पंचवीस मिनिटं बाकी

मशीन सुरू होतं. सॉफ्टवेअर न उघडता पोरगा फोल्डरात जातो. तीन फाइली. संकलन.डीबी: बदल 11 तारीख, सायंकाळी. संकलन.डीबी-वॉल: बदल 20 तारीख, रात्री. तिसरी ‘-शम’, बारकी. सगळा मामला त्या तारखांच्या रकान्यात उघडा पडलाय. पण तारखांकडे कोण बघतो? डीबी म्हणजे डेटा, एवढं पोराला माहीत आहे. बाकीच्या दोन त्याला कचरा वाटतात. पेनड्राइव्हवर एकच फाइल जाते.

रात्री 9:40

फॉरमॅट.

रात्री 11:05

नवं विंडोज, सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवरची फाइल. ‘डेटा तपासा’ हे बटण दाबलं की आत इंटिग्रिटी चेक चालतो. उत्तर: ओके. आणि ते खोटं नाही. फाइलीत एक पानही मोडकं नाही; ती फक्त 11 तारखेची आहे. फाइल फाटली असती तर निदान ‘मालफॉर्म्ड’ म्हणून बोंब तरी झाली असती.

मशीन पळायला लागलं, म्हणून सगळे खूश. पोरगा पैसे घेऊन जातो.

21 तारीख, सकाळी 9:20

11 ते 20 चं बिल काढलं. कोड 1: 9.5 लिटर. कोड 2: 6 लिटर. प्रत्येकाच्या नावावर 11 ची सकाळ तेवढी. एकोणीस वेळांचं दूध, 5320 नोंदी, कुठेच नाहीत.

चेअरमन म्हणतात, “लाइटीनं घात केला.”

पोरगा परत येतो, पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावतो. डिस्क एसएसडी आहे; फॉरमॅटबरोबरच विंडोज तिला ‘ही जागा मोकळी’ असं कळवून टाकतं, मग सापडायला फारसं काही उरत नाही. एसक्यूलाइटची 2019 पासूनची ‘रिकव्हर’ आज्ञाही कामाची नाही. ती मोडक्या फाइलीतून नोंदी वेचते, इथे फाइल धडधाकट आहे.

दुपारी 12

माईकवरून पुकारा: 11 ते 20 च्या पावत्या घेऊन या. कोणी पिशवीभर आणतं, कोणाच्या पावत्या गोठ्याच्या भिंतीत खोचलेल्या. थर्मल कागद, उन्हाने निम्मे आकडे उडालेले. टँकरच्या चलनावर रोजचं एकूण दूध आहे, त्यामुळे बेरीज पडताळता येते, वाटणी नाही. ज्यांच्याकडे पावतीच नाही त्यांना मागच्या पगाराची सरासरी द्यावी, असं सचिव सुचवतात. त्यावर एकजण उठतो: त्याची गाय 13 तारखेला व्यायलीय, मागच्या पगारात ती भाकड होती, तेव्हा सरासरी कशाची काढणार ते आधी सांगा.