छावणींतील दिवा

सेनापतीच्या थोरवीचें माप आम्ही बहुधा रणांगणावर घेतों. आघाडीस कोण राहिला, शत्रूची फळी कोणीं फोडली, धारातीर्थीं कोण पडला, हेंच बखरकार सांगतात आणि हेंच आम्ही मुलांस शिकवितों. परंतु सैन्याचे लढण्याचे दिवस वर्षांतून थोडे. पोटाचे दिवस ३६५. या दुसऱ्या दिवसांत पुढाऱ्याची पारख कशी होते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र वाचावें. राज्याभिषेक १६७४ सालचा. पत्र त्याच सुमाराचें.

पराक्रमाची गोष्ट त्यांत एकही नाहीं. पावसाळ्याकरितां दाणा-वैरणीचा सांठा केलेला आहे. तो आजच मन मानेल तसा उधळाल तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असें महाराज बजावतात. इतकें कोणीही काटकसरी कारभारी लिहिता. पुढें मात्र त्यांची नजर पागेबाहेर जाते. सांठा संपला म्हणजे शिपाई स्वस्थ बसणार नाहीं. कोणी कुणब्याच्या घरचें धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग कसाबसा जीव धरून राहिलेला कुणबीही गांव सोडील, आणि यांच्यापेक्षां मोगल बरे, असें त्यास वाटेल. म्हणून जें लागेल तें बाजारांत पैसे देऊन घ्यावें. रयतेवरचा जुलूम केवळ दुष्टपणानें होतो असें महाराज समजत नव्हते. अधिकाऱ्याच्या गाफील हिशेबांतूनही तो उपजतो, हें त्यांनीं ओळखिलें होतें. आमच्या मतें पत्राचा गाभा हाच.

नंतर विस्तवाचा विषय निघतो. कोणी भलत्या जागीं चूल पेटवील, कोणी वारा न पाहतां चिलीम ओढील. एक ठिणगी पडली कीं गवताच्या साऱ्या गंज्या जातील. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, कां कीं पेटती वात उंदीर ओढून नेतो. उंदीर! मोगल आणि विजापूरकर या दोघांचें वैर ज्याच्या शिरावर, त्यास चिपळूणच्या उंदराची आठवण राहावी, याचें आम्हांस प्रत्येक वाचनीं नवल वाटतें. उपायही साधाच सांगितला आहे: अधिकाऱ्यांनीं स्वतः सदोदित फिरून ताकीद करीत जावी.

या पत्रास नव्वद वर्षें झालीं नव्हतीं तोंच पानिपत आलें. १७६० च्या अखेरीस मराठ्यांची छावणी रसदेवांचून कोंडली. रसदेची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजीं उपासमारीनें गांजलेलें सैन्य लढाईस बाहेर पडलें. भाऊसाहेबांच्या शौर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. सारा दोष त्यांच्या माथीं मारणेंही न्यायाचें नव्हे. मुलूख परका होता आणि न लढणाऱ्या माणसांचा मोठा समुदाय बरोबर होता. तथापि समकालीन काशीराज पंडित अब्दालीविषयीं सांगतो कीं, तो रोज घोड्यावर बसून आपल्या लष्कराच्या चौक्या जातीनें पाहून येई. तें वाक्य वाचतांना आमचें मन पानिपतावर ठरत नाहीं; तें मागें चिपळूणास, त्या गवताच्या गंज्यांकडे जातें.