मोटारगाडीतील ध्वनिक्षेपक

मोटारगाडीच्या अंतर्भागात रेडिओ, ध्वनिमुद्रित फीत, तबकडी वा तत्सम साधनांवरील कार्यक्रम ऐकण्यासाठी बसविण्यात येणारी, विद्युत् संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणारी साधने. यांपैकी ज्या साधनाकडे केवळ अतिमंद्र स्वर, म्हणजे साधारणपणे २० ते ८० हर्ट्‌झ कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) ध्वनी निर्माण करण्याचे काम सोपविलेले असते, त्यास सबवूफर असे म्हणतात. घरातील व मोटारगाडीतील ध्वनियंत्रणांत तत्त्वाचा फरक नाही; फरक आहे तो परिस्थितीचा. गाडीतील जागा अपुरी व वेडीवाकडी असते. एंजिन, टायर व वारा यांचा गोंगाट सतत चालू असतो आणि विद्युत् घटमालेचा दाब कमी असतो. या तीन अडचणींवर वेळोवेळी शोधण्यात आलेल्या उपायांचा इतिहास म्हणजेच या साधनांचा इतिहास होय. ध्वनिक्षेपकांची निवड करतानाही याच तीन अडचणींचा विचार करावा लागतो.

प्रारंभीचा काळ : हलते वेटोळे व कागदी शंकू असलेल्या ध्वनिक्षेपकाचे आधुनिक रूप चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत सिद्ध केले. चुंबकाच्या फटीत ठेवलेल्या वेटोळ्यातून संकेताचा प्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे हलते व त्याला जोडलेला शंकू हवेत कंपने निर्माण करतो. शंकूच्या पुढील बाजूस हवा दाबली जात असताना मागील बाजूस ती विरळ होते. या दोन लहरी एकमेकींस मिळाल्यास मंद्र स्वर नाहीसे होतात. म्हणून ध्वनिक्षेपकास फळी किंवा पेटी आवश्यक असते. पेटीचा हा प्रश्न मोटारगाडीत सर्वांत बिकट ठरला व दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या व्यापारी नावाने मोटारगाडीसाठी रेडिओ विक्रीस आणला. जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने १९३२ मध्ये तयार केलेल्या ‘एएस ५’ या संचाचे वजन सु. १५ किग्रॅ. होते. त्या काळी गाडीतील घटमाला बहुधा ६ व्होल्टची असे. निर्वात नलिकांना मात्र बरेच उच्च विद्युत् दाब लागत. प्रथम त्यासाठी निराळ्या शुष्क घटमाला वापरीत. पुढे कंपकाच्या साहाय्याने एकदिश प्रवाह वारंवार खंडित करून व रोहित्राने दाब वाढवून ही अडचण दूर करण्यात आली. ध्वनिक्षेपक मात्र एकच असे. तो दर्शक फलकाच्या आत किंवा त्याखालील धातूच्या डब्यात बसविलेला असे. त्यातून बातम्या व भाषणे समजत; संगीताचा केवळ वरचा भाग ऐकू येई.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन गाड्यांत १२ व्होल्टची घटमाला रूढ झाली. क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनी १९५५ मध्ये केवळ ट्रँझिस्टर वापरलेला मोटार-रेडिओ जाहीर केला. त्यामुळे संच लहान झाला आणि उष्णता व वीजखर्च कमी झाला. क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांत तबकडीवादकही बसवून पाहिला. परंतु हा प्रयोग फार काळ टिकला नाही. फोर्ड कंपनीने १९६६ च्या गाड्यांसाठी आठ पट्ट्यांच्या फितीचा वादक उपलब्ध करून दिला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट त्यानंतर गाडीत आली. फितीवरील स्टीरिओ ध्वनिमुद्रणासाठी निदान दोन ध्वनिक्षेपक आवश्यक होते. ते दारांत व मागील आसनाच्या पाठीमागील फळीत बसविण्यात येऊ लागले. जागा अरुंद असल्याने सु. १५ × २३ सेंमी. मापाचे लंबगोल ध्वनिक्षेपक विशेष लोकप्रिय झाले. एकाच चौकटीत मोठा शंकू व त्याच्या मध्यभागी तार स्वरांसाठी लहान ध्वनिक्षेपक, अशी समाक्ष रचनाही याच काळात गाड्यांत प्रसृत झाली.

मंद्र स्वरांचा प्रश्न : पेटीचे शास्त्र प्रथम घरगुती ध्वनिक्षेपकांसाठी विकसित झाले. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना द्वारयुक्त पेटीचे एकस्व १९३२ मध्ये मिळाले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ च्या सुमारास पूर्णपणे बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल स्वर मिळविले. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांमुळे या क्षेत्रातील अंदाजाची जागा गणिताने घेतली. शंकूची नैसर्गिक अनुस्पंदन कंप्रता, त्याच्या आधाराच्या लवचिकपणाइतकी लवचिक असणाऱ्या हवेचे घनफळ आणि अनुस्पंदनाचे दमन यांवरून कोणत्या ध्वनिक्षेपकास केवढी पेटी योग्य, हे आगाऊ काढता येऊ लागले. या राशी थील-स्मॉल प्रचले या नावाने ओळखल्या जातात व सबवूफरच्या माहितीपत्रकात त्या दिलेल्या असतात.

मंद्र स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. ध्वनीची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केल्यास शंकूची हालचाल चौपट व्हावी लागते. दारातील सु. १६ सेंमी. व्यासाच्या शंकूकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ असते. तो विरूपित आवाज काढतो किंवा निकामी होतो. म्हणून हे काम २५ ते ३० सेंमी. व्यासाच्या स्वतंत्र शंकूकडे देणे सोयीचे ठरले. ५० हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. ७ मी. असते. एवढ्या लांब लहरी कोठून येत आहेत हे कानास नीट ओळखता येत नाही. त्यामुळे एकच सबवूफर सामानकक्षात ठेवला तरी चालते.

येथे गाडीची अरुंद जागा अडचण न राहता साहाय्यक ठरते. अंतर्भागाची लांबी सु. २·५ मी. असेल, तर सु. ७० हर्ट्‌झच्या खाली त्यात ध्वनिलहरीची अर्धी लांबीही मावत नाही. मग शंकू लहर पाठविण्याऐवजी सबंध कक्षातील हवेचा दाबच कमीजास्त करतो आणि खालच्या सप्तकाकडे जाताना पातळी तत्त्वतः सप्तकास १२ डेसिबेलपर्यंत वाढत जाते. बंद पेटीतील ध्वनिक्षेपकाची पातळी अनुस्पंदन कंप्रतेखाली जवळजवळ याच प्रमाणात घटते. पत्रा लवतो व फटींतून हवा निसटते, त्यामुळे प्रत्यक्षातील लाभ काहीसा कमी असतो. तरीही घरात अपुरी वाटणारी लहान बंद पेटी गाडीत पुरेशी खोल वाजते, ती यामुळेच.

शक्तीचा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात सुटला. १४·४ व्होल्ट दाबावर ४ ओहम संरोधाच्या ध्वनिक्षेपकास साध्या संचातून सु. २० वॉटपेक्षा फारशी अधिक अविरत शक्ती देता येत नाही. स्वतंत्र विवर्धकात ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने दाब वाढविण्याची सोय झाल्यावर ही मर्यादा ओलांडता आली. १९३० नंतर कंपकाने जे काम केले, तेच येथे निराळ्या साधनाने झाले. अमर बोस (१९२९–२०१३) या बंगाली पित्याच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या अभियंत्याच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने १९८३ च्या काही गाड्यांसाठी खास यंत्रणा तयार केली. तीत प्रत्येक ध्वनिक्षेपकास स्वतःची पेटी व विवर्धक होता आणि ध्वनीचे संतुलन त्या त्या गाडीच्या अंतर्भागास अनुसरून केले होते. गाडी व ध्वनिक्षेपक ही एकच रचना होय, ही कल्पना यामुळे रुजली. १९८४ मध्ये गाडीत बसणारे सीडी-वादक बाजारात आले. फितीचा खरखराट नाहीसा झाल्याने ध्वनिक्षेपकांतील उणिवा अधिकच जाणवू लागल्या.

निवड : विक्रेते सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात तो आकडा शिखर वॉटचा असतो आणि निवडीच्या दृष्टीने तो सर्वांत निरुपयोगी होय. शंकू अविरत किती शक्ती सहन करू शकतो, एवढाच वॉटच्या आकड्याचा ध्वनिक्षेपकाबाबतचा उपयोग आहे. विवर्धकांचे मापन एकाच रीतीने व्हावे म्हणून अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये प्रमाणित पद्धती ठरविली. ध्वनिक्षेपकाबाबत संवेदनक्षमता (ठराविक शक्ती दिली असता ठराविक अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी) अधिक महत्त्वाची असते. ती ३ डेसिबेलने जास्त असल्यास तीच पातळी निम्म्या शक्तीत मिळते. गाडीतील मूळ संचच वापरावयाचा असेल, तर अधिक संवेदनक्षम ध्वनिक्षेपक घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

दारांसाठी समाक्ष किंवा सुटे ध्वनिक्षेपक असे दोन पर्याय असतात. सुट्या प्रकारात तार स्वरांचा ध्वनिक्षेपक वर, कानाच्या दिशेने बसविता येतो व गायकाचा आवाज पायांजवळून न येता समोरून आल्यासारखा वाटतो. मात्र खर्च व बसविण्याचे श्रम वाढतात. दोन्ही प्रकारांत दारातील मोठी भोके बंद करणे व पत्र्यास कंपनशामक थर लावणे यांमुळे होणारी सुधारणा पुष्कळदा महागड्या शंकूने होणाऱ्या सुधारणेपेक्षा मोठी असते, कारण दार हीच त्या शंकूची पेटी असते. विभाजक मंडलाने सु. ८० हर्ट्‌झखालील संकेत दारांकडे जाऊ न देता सबवूफरकडे वळवितात. त्यामुळे लहान शंकूंवरील ताण उतरतो व शब्दही अधिक स्पष्ट होतात.

सबवूफर निवडताना पेटीस किती जागा देता येईल हे प्रथम ठरवावे लागते. बंद पेटी लहान असते व डग्ग्याचा वा पखवाजाचा घुमारा नेमका उमटविते. द्वारयुक्त पेटी त्याच शक्तीत अधिक पातळी देते; परंतु ती मोठी लागते व द्वाराच्या अनुस्पंदन कंप्रतेखाली शंकूवरचा हवेचा ताबा सुटतो. विवर्धकाच्या तारा पुरेशा जाड असाव्या लागतात व घटमालेच्या अगदी जवळ वितळतार बसवावी लागते. अन्यथा लघुमंडल झाल्यास गाडीस आग लागण्याचा धोका असतो.

परिणाम : सबवूफर स्वस्त झाल्यावर केवळ पातळीच्या स्पर्धा सुरू झाल्या व त्यांत १५० डेसिबेलपेक्षाही अधिक पातळ्या नोंदविल्या गेल्या. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक शिफारशीनुसार ८५ डेसिबेल पातळीत दिवसाला आठ तास, तर १०० डेसिबेल पातळीत केवळ १५ मिनिटे राहणे सुरक्षित मानले जाते. आतील कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय मोठ्या आवाजात रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा मागील गाडीचा इशारा चालकास ऐकू येत नाही. मंद्र स्वर काच व पत्रा यांतून सहज बाहेर पडत असल्याने उपद्रव गाडीपुरता मर्यादित राहत नाही. भारतातील ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातलेली असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकांच्या वापरावर निर्बंध आहेत.

गाडीतील गोंगाटाच्या उलट कलेचा ध्वनी निर्माण करून तो गोंगाट शमविण्यासाठीही १९९० नंतर याच ध्वनिक्षेपकांचा उपयोग होऊ लागला. गोंगाट जितका कमी, तितकी संगीताची पातळी कमी ठेवता येते. चांगल्या यंत्रणेची खरी कसोटी ती किती मोठ्याने वाजते ही नसून, हळू लावली असतानाही मंद्र, मध्य व तार हे तिन्ही स्वर तीत स्पष्ट ऐकू येतात की नाही, ही होय.