‘मेट्रोपोलिस’विषयीचा वाद आणि पाठाचा प्रश्न

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमधील ‘उफा-पालास्ट आम झू’ या चित्रगृहात फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट प्रथम दाखविण्यात आला. तेव्हापासून त्याच्यावर दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले आहेत. पहिला असा की, भविष्यकालीन नगर, भूगर्भात राबणारे कामगार आणि यांत्रिक मानव या त्यातील सर्व कल्पना उसन्या आहेत. दुसरा असा की, दृश्ये कितीही भव्य असली तरी कथा विस्कळीत आणि भाबडी आहे. या दोन्ही आक्षेपांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु आक्षेप घेणाऱ्याने नेमका कोणता ‘मेट्रोपोलिस’ पाहिला होता, हा इतिहासाच्या अभ्यासकाने सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ बाजूलाच राहिला.

या चित्रपटाचा पाठ एक नाही. पहिल्या प्रयोगाच्या वेळी त्याची लांबी ४१८९ मीटर होती. ‘उफा’ या निर्मितीसंस्थेने १९२५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपन्यांशी करार केला होता. त्यानुसार अमेरिकेतील प्रदर्शनासाठी चित्रपट आटोपशीर करण्याचे काम चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे सोपविण्यात आले. पोलॉक यांनी सुमारे एक चतुर्थांश भाग कापला, मथळे नव्याने लिहिले आणि पात्रांची नावेही बदलली. महानगराचा स्वामी जोह फ्रेडरसन हा ‘जॉन मास्टरमन’ झाला, तर त्याचा पुत्र फ्रेडर हा ‘एरिक’. बर्लिनमध्येही मूळ पाठ पहिल्या प्रयोगानंतर एकाच चित्रगृहात चालला. तो मागे घेऊन ऑगस्ट १९२७ मध्ये जर्मनीभर जी प्रत प्रसृत करण्यात आली, ती अमेरिकी संक्षेपाच्याच वळणाची आणि सुमारे ३२४१ मीटर लांबीची होती. म्हणजे ज्या देशात चित्रपट निर्माण झाला तेथील बहुसंख्य प्रेक्षकांनाही तो अखंड पाहावयास मिळाला नाही. शतकानुशतके हस्तलिखितांतून आलेल्या ग्रंथाच्या बाबतीत पाठभेद आणि प्रक्षेप यांचा विचार केल्यावाचून कोणी अभ्यासक पुढे जात नाही. चित्रपट मात्र छापील पुस्तकासारखा सर्वत्र एकच असतो, असे गृहीत धरले जाते. येथे ते गृहीत सात-आठ महिन्यांतच कोसळले होते.

या वादातील सर्वांत प्रसिद्ध टीका एच. जी. वेल्स यांची होय. ती १७ एप्रिल १९२७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली. मौलिकतेचा लवलेशही या चित्रपटात नाही, असा वेल्स यांचा निर्णय आहे. आपल्याच १८९९ मधील, आणि १९१० मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध केलेल्या, निद्रिस्त पुरुषाच्या कादंबरीचे जीर्ण अवशेष त्यांना त्यात तरंगताना दिसले. यांत्रिक मानव कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून परवानगीवाचून उचलल्याचा आरोप त्यांनी केला आणि मेरी शेली यांच्या फ्रँकेन्स्टाइनचेही ऋण दाखविले. हे नाटक १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले आणि १९२३ मध्ये बर्लिनमध्येही त्याचे प्रयोग झाले. तेव्हा लांग आणि त्यांच्या पत्नी व सहलेखिका थेआ फॉन हार्बू यांना ते अपरिचित होते, असे मानण्याचे कारण नाही.

परंतु वेल्स यांच्या लेखात महानगराच्या स्वामीचे नाव ‘मास्टरमन’ असे येते. मूळ जर्मन चित्रपटात या नावाचे पात्रच नाही. त्यांच्यासमोर असलेली प्रत पोलॉक यांच्या संस्करणाच्या कुळातील होती, हे या एका शब्दावरून सिद्ध होते, आणि चापेककृत नाटकाविषयीच्या आरोपाचे वजन त्यामुळे बदलते.

मूळ पाठात रोटवांग हा शोधक यंत्रस्त्री निर्माण करतो, ती कारखान्यासाठी नव्हे. हेल या स्त्रीवर त्याचे प्रेम होते. तिने फ्रेडरसनला वरले आणि पुत्राला जन्म देताना ती मरण पावली. रोटवांगने आपल्या घरात तिच्या मुखाचे प्रचंड स्मारक उभारले आहे. ही हरवलेली स्त्री परत मिळविण्यासाठी त्याने यंत्र घडविले आणि त्यापायी आपला एक हात गमावला. इंग्रजीत ‘हेल’ या नावाचा उच्चार नरकवाचक शब्दासारखा होतो, या कारणास्तव पोलॉक यांनी ती स्त्री, ते स्मारक आणि त्यांच्याशी निगडित असलेले सर्व वैर काढून टाकले. मग रोटवांगने यंत्र का बनविले याला काही तरी कारण हवे होते. नव्या मथळ्यांनी ते पुरविले. न थकणारे, न चुकणारे यंत्र सिद्ध झाले आहे आणि आता जिवंत कामगारांची गरज उरली नाही, असे तेथे रोटवांग सांगतो. ही कल्पना अर्थातच चापेक यांच्या नाटकाशी जाऊन भिडते. वेल्स यांना जे उघड अनुकरण दिसले त्याची धार अशा रीतीने न्यूयॉर्कमध्ये लावली गेली होती. चापेक यांचे ‘रोबोट’ मुळात धातूचे नव्हेतच. रासायनिक द्रव्यापासून घडविलेले ते हाडामांसाचे मजूर असून बाजारात विकले जातात. लांग यांची धातूची स्त्री त्यांच्यापेक्षा व्हिलिए द लील-आदां यांच्या १८८६ मधील ‘भावी ईव्ह’ या फ्रेंच कादंबरीतील कृत्रिम सुंदरीला अधिक जवळची आहे. ऋण येथेही आहेच, परंतु धनको वेगळा आहे.

सर्व दोष पोलॉक यांच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. हार्बू यांची याच कथेवरील कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत फ्रेडरसन रोटवांगकडे यंत्रांवर राबण्यासाठी मानवसदृश यंत्रे मागतो आणि रोटवांग त्याऐवजी स्त्री घडवितो. पोलॉक यांनी हा धागा शून्यातून काढला नाही. गौण धागा त्यांनी मुख्य केला आणि मुख्य धागा तोडला, एवढेच म्हणता येईल.

कथनाच्या आक्षेपाचीही अशीच तपासणी करावी लागते. हेल वगळल्यानंतर रोटवांग फ्रेडरसनचा घात का करतो, आणि शेवटी मारियाला घेऊन मंदिराच्या छपरावर का धावतो, हे कळेनासे होते. तो केवळ माथेफिरू वाटतो. ११८११ क्रमांकाचा कामगार, बडतर्फ झालेला योझाफाट आणि स्वामीचा कृश हेर यांचे उपकथानक जवळजवळ संपूर्ण गेले होते. लुईस बुन्युएल यांनी १९२७ मध्ये माद्रिदच्या ‘गासेता लितेरारिया’त लिहिताना, हे दोन चित्रपट पोटाशी चिकटविलेले आहेत, असा अभिप्राय दिला. कथा सांगणारे माध्यम म्हणून चित्रपटाकडे पाहणाऱ्याची येथे घोर निराशा होईल, आणि दृश्यांचा चाहता मात्र भारावून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. वाङ्मयीन दोषांचे खापर त्यांनी हार्बू यांच्यावर फोडले. ही वाटणी पुढे रूढ झाली. तीत सोय अधिक आहे आणि पुरावा कमी. लांग यांनीच उत्तरायुष्यात चित्रपटाच्या प्रबंधाविषयी नापसंती व्यक्त करतानाही निम्मी जबाबदारी आपली असल्याचे मान्य केले होते. (हार्बू यांचे नाव मराठी वाचकास एका निराळ्या संदर्भात परिचित असेल. लांग यांच्याशी १९३३ मध्ये काडीमोड झाल्यानंतर बेळगावकडील पत्रकार अयि तेंडुलकर हे त्यांचे जीवनसाथी झाले.)

याउलट, अखंड पाठ पाहिलेल्या बर्लिनच्या समीक्षकांनीही कथेला उणे लेखले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. बुद्धी आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, हा बोध पूर्ण प्रतीतही तितकाच पोकळ आहे. मालक आणि कामगार यांचे हस्तांदोलन होते, पण कामाचे तास, वेतन आणि सत्ता यांविषयी काहीच ठरत नाही. सीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या शेवटात स्वामीचाच विजय पाहिला. ही यंत्रे अखेर कोणासाठी आणि काय उत्पादन करतात, हा वेल्स यांचा अर्थशास्त्रीय प्रश्नही कात्रीने निर्माण झालेला नाही. कोणताही पाठ घेतला तरी तो अनुत्तरितच राहतो. वेल्स यांची टीका येथे पूर्ण खरी ठरते.

पाठशोधनाचे काम अनेक दशके चालले. म्युनिक येथील चित्रपटसंग्रहालयात एन्नो पाटालास यांनी सेन्सॉरच्या नोंदींतील मथळे आणि गॉटफ्रीड हुप्पर्ट्झ यांच्या संगीतलिपीतील दृश्यखुणा यांच्या साहाय्याने दृश्यांचा मूळ क्रम लावला. दृश्य हरवले तरी त्याच्या संगीताची खूण उरली होती. २००१ मध्ये युनेस्कोने या चित्रपटाचा ‘जागतिक स्मृती’ सूचीत समावेश केला, तेव्हाही सुमारे चौथा हिस्सा कायमचा नष्ट झाला असाच समज होता. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपटसंग्रहालयात पाउला फेलिक्स-दिदिएर आणि फेर्नांदो मार्तिन पेन्या यांना १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली. संक्षेपापूर्वीची जी प्रत एका वितरकाने अर्जेंटिनात नेली होती, तिच्यावरून ती उतरविलेली होती. ओरखड्यांनी भरलेल्या आणि कडेने कापल्या गेलेल्या या प्रतीतून सुमारे २५ मिनिटांचा भाग हाती आला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिन येथे जवळजवळ संपूर्ण पाठ पुन्हा दाखविण्यात आला. हेलच्या स्मारकापुढे रोटवांग आणि फ्रेडरसन समोरासमोर येतात, तो प्रसंग त्यात आहे. मंदिरातील संन्याशाचे प्रवचन, आणि ज्या झटापटीत मारिया निसटते ती रोटवांग व फ्रेडरसन यांची मारामारी, हे दोन प्रसंग मात्र त्या प्रतीतूनही घेता आले नाहीत. त्या जागी आज केवळ मथळे दाखविले जातात.